‘डेटाबेस येतो’ म्हणजे नेमकं काय यायला हवं?

मुलगा बीसीएला किंवा मुलगी बीएस्सी आयटीला असली, की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “आता कोणता क्लास लावू?” माझी कळकळीची विनंती आहे, आधी डेटाबेसचा पाया तपासा. त्यासाठी सुट्टीतला एक दिवस पुरतो.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरची एक्सप्रेस आवृत्ती मोफत मिळते. तिच्यात विद्यार्थ्यांचं एक टेबल करा, पण मुद्दाम प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखू येईल असं फील्ड, देऊ नका. मग ते मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ओडीबीसी या डेटाबेस-जोडणीने लिंक करा. ॲक्सेस विचारेल: कोणत्या फील्डवरून प्रत्येक नोंद वेगळी ओळखू? काहीच निवडलं नाही, तर टेबल उघडेल, पण एक अक्षरही बदलता येणार नाही. घाईत ‘आडनाव’ निवडलं, तर घोटाळा वाढतो. ॲक्सेस आधी की वाचतो आणि तिच्यावरून पूर्ण नोंद मागवतो. त्यामुळे वर्गात पाच पाटील असतील, तर एकाच पाटलाची नोंद पाचदा दिसू शकते.

आता खरा विचार सुरू होतो. मोबाइल नंबर की म्हणून चालेल? दोन भावंडांनी वडिलांचाच नंबर दिलेला असतो. रोल नंबर? तो दरवर्षी बदलतो आणि प्रत्येक तुकडीत पुन्हा एकपासून सुरू होतो. म्हणून सर्व्हरवरच आपोआप वाढणारा स्वतंत्र क्रमांक द्यावा, त्याला प्रायमरी की करावं, जुनी लिंक काढून टेबल नव्याने लिंक करावं. आता नोंदी बिनधास्त बदलता येतात. ॲक्सेस नसेल, तर मोफत लिबरऑफिस बेस घ्या. प्रायमरी की नसलेल्या टेबलात तिथेही नोंदी भरता येत नाहीत.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी माहिती टेबलांत मांडण्याचं रिलेशनल मॉडेल १९७० साली मांडलं. तेव्हापासून कितीतरी सॉफ्टवेअर आली नि गेली, पण प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख हवी, हा नियम टिकला. सपोर्ट, टेस्टिंग, रिपोर्टिंग, डेटा ॲनालिसिस, कुठेही गेलात तरी तो लागतोच.

विद्यार्थ्यांनो, हा प्रयोग वहीत टप्प्याटप्प्याने लिहा आणि मुलाखतीत “टेबल का बदलता येत नव्हतं” हे स्वतःच्या शब्दांत सांगा. पालकांनो, पुढच्या क्लासची फी भरण्याआधी मुलाला हेच विचारा. तुम्हाला समजेल असं त्याला सांगता आलं, तर त्याचा पाया भक्कम आहे. पुढचं सॉफ्टवेअर तो शिकून घेईल.