एका लिपीच्या दोन भाषा आणि संगणकाचा शब्दकोश

राळेगाव तालुक्यातील शिक्षकास पंचायत समितीशी मराठीत, तर प्रसंगी अन्यत्र हिंदीत वा इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागतो. तो आता पुष्कळसा ई-मेलने होतो, आणि लिहिता लिहिता काही शब्दांखाली तांबडी रेघ उमटते. या रेघेचा अर्थ नीट जाणून घेणे अगत्याचे आहे. शब्द अशुद्ध आहे असे ती सांगत नाही. निवडलेल्या कोशात तो आढळला नाही, एवढेच सांगते.

थंडरबर्ड या ई-मेलच्या साधनात अनेक भाषांचे कोश एकाच वेळी चालू ठेवता येतात. पत्राच्या मजकुरावर माउसची उजवी कळ दाबली असता भाषांची यादी मिळते. हव्या त्या भाषेपुढे खूण करावी, व नसलेला कोश तेथूनच जोडून घ्यावा. मराठी आणि इंग्रजी यांचे कोश सोबत ठेवण्यास हरकत नाही, कारण लिप्याच भिन्न आहेत. मराठी आणि हिंदी यांचे तसे नाही. चालू असलेल्या कोणत्याही एका कोशात शब्द सापडला की तो बिनचूक धरला जातो. हिंदीत ‘शांति’, ‘कवि’, ‘वस्तु’ ही रूपे योग्य होत. मराठीत मात्र १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांप्रमाणे ‘शांती’, ‘कवी’, ‘वस्तू’ असे दीर्घान्त लिहावयाचे. समासाच्या पूर्वपदी तेवढे ‘शांतिदूत’, ‘कविसंमेलन’, ‘वस्तुसंग्रह’. दोन्ही कोश चालू असतील तर मराठी पत्रातील ‘वस्तु’ रेघेवाचून निसटतो, आणि शिक्षकाच्या हातून तो फळ्यावर व फळ्यावरून मुलांच्या वह्यांत जातो. सबब मराठी लिहिताना हिंदीपुढील खूण काढावी, हिंदी लिहिताना मराठीपुढील. (‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला भेद मात्र कोणताही कोश सांगणार नाही, दोन्ही शब्द खरेच आहेत.)

याहून अधिक जपावयाचे ते विशेषनामांना. वडकी, झाडगाव ही गावे, कोलाम पोडांची नावे, मुलांची आडनावे यांखाली रेघ येण्याचा संभव फार. ‘आत्राम’ला जवळचा म्हणून ‘आराम’ सुचविला गेला आणि घाईत तो स्वीकारला, तर पाठविलेल्या यादीत मुलाचे आडनावच बदलते. दाखल्यावरील नाव पुढे दुरुस्त करून घेताना पालकांना किती हेलपाटे पडतात, हे शिक्षकांस ठाऊकच आहे. अशी नावे हजेरीपटाशी ताडून मगच ‘शब्दकोशात जोडा’ या आज्ञेने वैयक्तिक कोशात घालावीत. जोडलेला शब्द जसाच्या तसा ओळखला जातो. ‘झाडगाव’ घातल्याने ‘झाडगावच्या’ हे रूप ओळखले जाईलच असे नाही. नेहमी लागणारी रूपे स्वतंत्रपणे जोडावीत.

हा वैयक्तिक कोश सर्व भाषांना सामाईक असतो. हिंदी पत्र लिहिताना त्यात ‘गति’ घातला, तर पुढे मराठीतही तो चालून जाईल. चुकून पडलेला शब्द काढण्यासाठी थंडरबर्ड बंद करून त्याच्या प्रोफाइल फोल्डरातील ‘पर्सडिक्ट’ नावाची धारिका साध्या मजकूर-संपादकात उघडावी. तीत एका ओळीवर एक शब्द असतो; नको असलेली ओळ खोडून धारिका जतन करावी. संगणक बदलतेवेळी हीच धारिका नव्या यंत्रावर नेल्यास वर्षभर जमविलेली नावे पुन्हा घालावी लागत नाहीत.