मशीन हँग झालं, मिनिटं माझी गेली

एमएचटी-सीईटीचा गणिताचा पेपर चालू असताना माझं मशीन हँग झालं. हात वर केला. सुपरवायझर आले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "थांब, होईल." टेक्निशियन दुसऱ्या हॉलमध्ये. तो येईपर्यंत मी नुसती बसून, आजूबाजूला माउसचे आवाज चालू. शेवटी मला मागच्या रांगेतल्या मशीनवर बसवलं. लॉगिन झालं, दिलेली उत्तरं जशीच्या तशी होती, हायसं वाटलं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. मशीन अडकलं तेव्हा ४१ मिनिटं बाकी होती; आता ३० दिसत होती.

तिथल्या तिथे सांगितलं. "टाइम सर्व्हरवर असतो, आमच्या हातात नाही." लेखी नोंद करा म्हटलं, तर "पेपर सोडव, वेळ घालवू नकोस." हे मलाच ऐकवलं! पेपर संपल्यावर केंद्रप्रमुखांनी अर्ज घेतलाच नाही. ईमेलने तक्रार केली, तर उत्तर आलं की केंद्राच्या अहवालात अशी नोंद नाही. ती नोंद करायची कोणी होती?

गणिताला ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी दोन मार्क. फिजिक्स-केमिस्ट्रीचा वेळ इकडे वळवता येत नाही. पर्सेंटाइल निघतं ते त्याच सत्रातल्या मुलांच्या तुलनेत, आणि त्यांची मिनिटं शाबूत होती. सोप्या-अवघड सत्रांमधला फरक त्या हिशेबात भरून निघतो, बंद पडलेलं मशीन नाही.

म्हणून सांगते. मशीन अडकताक्षणी उरलेली मिनिटं आणि प्रश्नाचा नंबर रफ कागदावर लिहा आणि सुपरवायझरना दाखवा. तो कागद नंतर जमा करावा लागतो, म्हणून हे आकडे डोक्यातही ठेवा. जुन्या मशीनचा नंबरही लक्षात ठेवा. नव्या मशीनवर पहिल्या उत्तराला हात लावण्याआधी घड्याळ ताडून बघा, फरक असेल तर तेव्हाच बोला. गेटबाहेर आल्याबरोबर मेल करा, त्यात केंद्राच्या अहवालाऐवजी सर्व्हरवरची नोंद तपासा असं स्पष्ट लिहा. रिस्पॉन्स शीट मिळाली की एकेक उत्तर पडताळा.

२७ एप्रिल २०२५ च्या गणिताच्या पेपरात २१ प्रश्न चुकले होते, तेव्हा ५ मे रोजी फेरपरीक्षा झाली. योग्यच झालं. पण एकटीचं मशीन बंद पडलं तर तिचं ऐकायला कोणी नाही, हा अन्याय आहे. बंद मशीनची वेळ प्रत्येक केंद्रावर परीक्षार्थीच्या सहीनिशी नोंदवली जावी आणि त्या नोंदीची प्रत तिच्या हातात मिळावी, एवढी मागणी पालकांनी आणि मुलांनी मिळून लावून धरावी.