लाल पट्ट्यापलीकडचे आरपीएम कितीला पडतात?

शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात २००१पासून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली आणि २०१७मध्ये तिथूनच २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस रस्त्यावर आली. तेव्हाची शोरूम किंमत २४.६२ लाख रुपये. आज त्यांतल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या हाती गेल्या आहेत आणि कंपनीची वॉरंटी संपली आहे. नव्या मालकाला रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकात ताकद वाढवणारी फाइल टाकणे, सुचवला जातो, तेव्हा सोबत आणखी एक गोष्ट पुढे केली जाते: आरपीएम रोखणारा लिमिटर सात हजारांच्या वर नेऊन देऊ. रीमॅप करायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. लिमिटरला मात्र हात लावू देऊ नका. त्यातून हाती काही लागत नाही, आणि बिघडले तर खर्च लाखांत जातो.

हाती काही का लागत नाही, ते कंपनीच्याच आकड्यांत दिसते. या दोन लिटरच्या टर्बो इंजिनाची पूर्ण ताकद ४,७०० ते ६,२०० आरपीएमच्या दरम्यान मिळते आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क १,५०० ते ४,६०० दरम्यान. ६,२००च्या पुढे टर्बोचा दम संपतो आणि ताकद उतरू लागते. त्या टप्प्यावर वरचा गिअर पडला की काटा पुन्हा भरल्या पट्ट्यात येतो. गिअर न बदलता ७,२००पर्यंत ताणलेली गाडी उलट मागे पडते. सावंगीहून समृद्धी महामार्गावर चढलात, तरी तिथली वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि सहाव्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन लाल पट्ट्याच्या आसपासही नसते.

आपल्याकडे वाळूजच्या बजाजमुळे मोटरसायकलचे इंजिन घरोघरी ओळखीचे आहे. म्हणून प्रश्न येतो, की पल्सर एनएस २०० साडेनऊ हजारांवर आरामात फिरते, मग एवढ्या महागड्या गाडीला सात हजार का झेपू नयेत? उत्तर स्ट्रोकमध्ये आहे. पल्सरचा पिस्टन एका फेरीत ४९ मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली जातो, ऑक्टाव्हिया आरएसचा ९२.८ मिलिमीटर. स्ट्रोकची दुप्पट करा, आरपीएमने गुणा, ६०ने भागा. पिस्टनचा सरासरी वेग मिळतो. पल्सर ९,५०० आरपीएमला सेकंदाला साडेपंधरा मीटरवर असते. आरएस ६,५००लाच २० मीटर ओलांडते आणि ७,२००ला २२.३वर जाते. रोजच्या वापराच्या, मूळ पिस्टन-रॉडवर चालणाऱ्या इंजिनाला २०च्या आसपास थांबवावे, असा जुना ठोकताळा आहे. त्याच्या बऱ्याच पुढे जायचे तर फोर्ज्ड पिस्टन, मजबूत रॉड आणि कडक वॉल्व्ह स्प्रिंग लागतात.

ताण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे तर फारच थोडे विक्रेते सांगतात. ६,५००चे ७,२०० केले, म्हणजे आरपीएम ११ टक्क्यांनी वाढले, पण रॉडवरची ओढ जवळजवळ २३ टक्क्यांनी. सर्वांत वाईट क्षण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी येतो. पिस्टन वर पोचलेला असतो, त्याला थोपवायला वरून गॅसचा दाब नसतो आणि सगळा हिसका रॉडच्या बोल्टवर बसतो. तिकडे वॉल्व्ह स्प्रिंग कमी पडली, तर वॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि पिस्टनला जाऊन भिडू शकतो.

म्हणून मूळ इंजिनासाठी सुरक्षित मर्यादा कोणती, याचे उत्तर सोपे आहे: कंपनीने ठेवली आहे तीच. रोजच्या चालवण्यात गिअर ६,२००च्या सुमारास बदला. सकाळी तेल गरम होईपर्यंत तीन हजारांच्या वर जाऊ नका; डॅशबोर्डवर तेलाचे तापमान दिसत असेल, तर ८० अंशांची वाट पाहा. लॉरा आरएससारखी मॅन्युअल गाडी असेल, तर एक धोका कायम लक्षात ठेवा. लिमिटर फक्त इंधन तोडतो. पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि तिथे कोणतेही सॉफ्टवेअर आडवे येत नाही.

आता खर्च. पुढचे आकडे ढोबळ आहेत. गॅरेज आणि सामानाच्या ब्रँडप्रमाणे ते हलतात, म्हणून लेखी अंदाजपत्रक घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. स्टेज १ रीमॅपला ४० ते ८० हजार. इंजिन खोलून रॉड, बेअरिंग, पिस्टन बदलायची वेळ आली, तर तीन लाखांपासून पुढे, आणि गाडी कित्येक आठवडे उभी.

त्याऐवजी पहिले दोन-तीन हजार कम्प्रेशन टेस्टवर घाला. जुनी गाडी घेण्याआधी केली तर फारच उत्तम. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे तेल आणि फिल्टर सात ते बारा हजारांत होते. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे ताणून चालवणाऱ्याने ते १५,००० किलोमीटरपर्यंत न थांबता दहा हजारांच्या आतच बदलावे. आरएसच्या सहा गिअरांच्या डीएसजी गिअरबॉक्सचे तेल ६०,००० किलोमीटरला बदलायचे असते, त्याला पंधरा-वीस हजार. मागच्या मालकाने ते केल्याचे बिल नसेल, तर झालेलेच नाही असे धरा. चार स्पार्क प्लग चार-सहा हजारांत येतात. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून सरसकट १८ टक्के झाला आहे. कोणी २८ टक्के लावून कोटेशन दिले, तर तिथेच विचारा.

तरीही रीमॅप करायचाच असेल, तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, हेही हिशेबात धरा. बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणती फाइल टाकली, लिमिटर मूळ आकड्यावरच ठेवला आहे, आणि मूळ फाइल ग्राहकाला दिली आहे. काम बिघडले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. तिथे जीएसटीचे बिल, लेखी अंदाजपत्रक आणि काम करण्याआधीचा कम्प्रेशन टेस्टचा कागद सोबत न्या.