आईचा फ्लिप फोन आणि ऋण संख्या

आईचा फ्लिप फोन बिजागरीतच तुटला. ती गावी एकटी असते, त्यामुळे नवा घेताना रंग, कॅमेरा काही बघितलं नाही. फक्त रेंज आणि बॅटरी. गंमत म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच! रेंज कमी असली की फोनला जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो आणि बॅटरी भराभर उतरते.

आधी सिम बघा. जिओचं सिम २जी फोनमध्ये चालत नाही, ४जी व्होल्टीच लागतो. आम्ही नोकिया २६६० फ्लिप घेतला. बॅटरी १४५० एमएएच, शिवाय काढून बदलता येते.

रेंजच्या दांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपापल्या पद्धतीने दाखवते. आईचं सिम माझ्या स्मार्टफोनमध्ये घालून सेटिंगमधला डीबीएमचा आकडा पाहिला. स्वयंपाकघरात -१०५, ओसरीवर -८५. सातवीच्या वर्गात विचारलं, मोठी संख्या कोणती? निम्मे हात -१०५ ला वर! संख्यारेषा काढल्यावर पटलं. (इथे २० चा फरक म्हणजे सिग्नलची शक्ती १०० पट, ते मात्र दहावीनंतर.)

फोन आता ओसरीतल्या कोनाड्यात असतो.