नाळेच्या पेशी आणि राहून गेलेली सोनोग्राफी

ज्यांच्या घरात लिव्हर सिऱ्होसिसचा पेशंट आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाळाच्या नाळेतून काढलेल्या स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं का, हा प्रश्न तुमच्यापर्यंत अजून आला नसेल तर येईल. जीव लावणारं कुणीतरी माणूसच तो घेऊन येईल. आमच्याकडे पुतण्या घेऊन आला.

ह्यांना हिपॅटायटिस बी होता. वर्षानुवर्षं अंगात होता आणि पत्ताच नव्हता. कळलं तेव्हा लिव्हर आकसलं होतं, पोटात पाणी झालं होतं, पायांवर सूज होती. मिरजेच्या डॉक्टरांनी टेनोफोविरची गोळी सुरू केली, लघवी वाढवणारी औषधं दिली, मीठ तोडलं आणि ट्रान्सप्लांटच्या तपासण्यांसाठी पुण्याला जायला सांगितलं. धाकटी मुलगी लिव्हरचा भाग द्यायला तयार होती, रक्तगटही जुळत होता. पण ह्यांचं एकच म्हणणं, “माझ्यासाठी पोरीच्या अंगाला सुरी लावायची नाही.” अशा घरात “काकू, ऑपरेशन न करताही बरं होतंय आता” हे वाक्य आलं, तेव्हा त्याला नाही म्हणणारं कुणी उरलं नाही.

मोठ्या शहरातल्या त्या स्टेम सेल केंद्रात डॉक्टरांनी फार मायेने समजावलं. लिव्हर कापलं तरी पुन्हा वाढतं, म्हणाले. नाळेच्या पेशी शिरेतून दिल्या की त्या लिव्हरमध्ये जातात आणि नवं लिव्हर तयार करतात, म्हणाले. यातलं कुठलं वाक्य कितपत खरं, हे मला नंतर वाचून आणि विचारून कळलं.

लिव्हर वाढतं हे खरं आहे. दात्याचं उरलेलं लिव्हर काही महिन्यांत जवळजवळ मूळ आकाराचं होतं. पण ते निरोगी लिव्हर असतं. सिऱ्होसिसमध्ये आत व्रणाचे कडक पट्टे तयार झालेले असतात आणि त्या जाळ्यात ही वाढ खुंटते. नाळेच्या पेशींचंही तसंच. नाळेच्या रक्तातल्या पेशींनी रक्ताचे आजार बरे होतात. 1988 मध्ये पॅरिसमध्ये असं पहिलं प्रत्यारोपण झालं आणि ते यशस्वी ठरलं. लिव्हरसाठी मात्र नाळेच्या आतल्या मऊ गरातून काढलेल्या वेगळ्याच पेशी वापरतात. शिरेतून दिल्यावर त्यातल्या बहुतेक आधी फुप्फुसात अडकतात. त्यांच्यापासून नवं लिव्हर बनत नाही. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे सूज आणि दाह कमी होत असावा, असं संशोधक मानतात.

हे संशोधन थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. चीनमध्ये 219 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाळेच्या पेशी मिळालेल्यांचं जगण्याचं प्रमाण काहीसं बरं दिसलं. उलट ब्रिटनमध्ये 81 रुग्णांवर, त्यांच्या स्वतःच्याच रक्तातल्या पेशी वापरून एक चाचणी झाली. तिचे निकाल 2018 मध्ये आले, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फायदा दिसला नाही. म्हणजे प्रश्न अजून सुटलेला नाही. न सुटलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आमच्याकडून काही लाख रुपये घेतले गेले, याचा मला राग आहे.

त्याहून मोठा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. “आता दोन उपचारांची सरमिसळ नको, पुढचं सगळं आम्ही बघू,” असं केंद्रात सांगितलं. टेनोफोविर तेवढी चालू ठेवली. दर खेपेला ते एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करायचे आणि आकडे सुधारत होते. बिलिरुबिन उतरलं, अल्ब्युमिन वाढलं, पोटातलं पाणी ओसरलं. ह्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. घरात पेढे वाटले. पुण्याच्या तपासण्यांचा विषय आपोआप मागे पडला.

विषाणू दबला की हिपॅटायटिस बीने बिघडलेलं लिव्हर काही महिन्यांत असं सावरू शकतं. ते काम टेनोफोविरची साधी गोळी करते, आणि 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ती सरकारी केंद्रांवर मोफत मिळते. श्रेय इंजेक्शनने घेतलं. अभ्यासात तुलनेसाठी पेशी न दिलेले रुग्णही का लागतात, हे मला ह्यांच्या फाइलमधूनच उमगलं.

पण विषाणू दबला तरी सिऱ्होसिस झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सरचा धोका राहतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, सोबत बहुतेक वेळा एएफपी नावाची रक्ततपासणी. मिरजेचे डॉक्टर ती करत होते. केंद्राने एकदाही केली नाही. एलएफटी चांगली असतानाही आत गाठ वाढू शकते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पोट दुखायला लागलं म्हणून सीटी स्कॅन केला, तेव्हा गाठ पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे लिव्हरच्या मोठ्या रक्तवाहिनीत, शिरलेली होती.

गाठ लहान असताना सापडली तर ट्रान्सप्लांटने सिऱ्होसिस आणि कॅन्सर दोन्हीतून सुटका होऊ शकते. इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी 1996 मध्ये घालून दिलेली मर्यादा आजही आधार मानली जाते: एकच गाठ असेल तर 5 सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येक 3 सेंटीमीटरच्या आत. काही ठिकाणी ही मर्यादा थोडी सैल करतात. पण गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरली की ते दार सहसा बंद होतं. ह्यांच्यासाठी ते बंद झालं होतं. मुलगी शेवटपर्यंत लिव्हर द्यायला तयार होती.

आता तुम्हाला सांगते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजुरी मिळालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. म्हणून कुणी लिव्हरसाठी हे इंजेक्शन सुचवलं तर सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीतला क्रमांक मागा. ही नोंदवही इंटरनेटवर सर्वांना मोफत पाहता येते; घरातल्या कॉलेजच्या पोराला तपासायला सांगा. क्रमांक तुमच्याच आजाराचा आणि त्याच केंद्राचा आहे ना, तेही पाहा. ट्रायलमधल्या पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की उठून या. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. आमचं इंग्रजीत होतं, आणि उपचार प्रायोगिक आहे हे त्यात आतल्या पानावर लिहिलेलं होतं.

खऱ्या ट्रायलमध्ये जायचं ठरलं तर आनंदाने जा, अशा रुग्णांमुळेच उद्या उत्तर मिळेल. पण तुमच्या लिव्हरच्या डॉक्टरांना सांगून जा, आणि ट्रान्सप्लांटची नोंदणी किंवा तपासण्या थांबवू नका. जो उपचार जुन्या डॉक्टरांकडे जाणं बंद करायला सांगतो, त्याला होकार देऊ नका.

आणि आज एवढं करा. घरातल्या पेशंटची फाइल काढून शेवटच्या सोनोग्राफीची तारीख बघा. सहा महिने उलटून गेले असतील, तर उद्याच नंबर लावा.