लिंबातील ‘रक्त’ : एक प्रयोगपाठ

सुरी फिरताच लिंबातून तांबडा रस ठिबकतो आणि मांत्रिक त्यास करणी म्हणतो. या धाकाने सातपुड्याच्या पायथ्याशी कित्येक घरे नागविली गेली. निरपराध स्त्रिया डाकीण ठरल्या. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथापि मनातील भीती घालविण्याचे कार्य शाळेचेच आहे.

इटलीतील नेपल्सच्या देल्ला पोर्ता या पंडिताने १५५८ साली ‘नैसर्गिक जादू’ या अर्थाच्या नावाचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. १५८९ च्या आवृत्तीत त्याचे वीस भाग झाले. अद्‌भुत वाटणाऱ्या गोष्टींची कारणे निसर्गातच शोधावीत, ही त्याची दृष्टी मोलाची होती. परंतु पारखलेल्या प्रयोगांत त्याने ऐकीव गोष्टीही मिसळल्या. वर्गात हा दोष टाळावा.

कृती : सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या लाल पाकळ्या चोळून पाते वाळू द्यावे. त्याने लिंबू कापावे. नंतर स्वच्छ सुरीने दुसरे लिंबू कापून मुलांना फरक विचारावा. सुरी शिक्षकांनीच हाताळावी.

कारण : जास्वंदीचा रंग आम्लात तांबडा होतो. पाकळ्यांचे पाणी चुन्याच्या निवळीत घातल्यास ते हिरवट दिसते. हा पडताळा प्रत्येक मुलास स्वतः घेऊ द्यावा.

गुपित झाकून ठेवणे हा मांत्रिकाचा धंदा. ते उघड करणे हा शिक्षकाचा धर्म. मुलाने घरी आजीस यामागील कारण समजावून सांगितले, म्हणजे पाठ सफल झाला असे मानावे.