एमसीबी वायरसाठी, आरसीसीबी माणसासाठी



हा लेख इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी नाही. त्यांना हे सगळं सिलॅबसला आहे (वाचलेलं आहे की नाही, ते त्यांनाच विचारा). हा आहे मेकॅनिकल, सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी, ज्यांच्या घरी आज ना उद्या बाथरूमचं काम निघणार आहे. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठीत टेक्निकल लिहिताना जरा दमछाक होते. 'अर्थिंग'ला 'भूसंपर्कन' म्हणतात म्हणे. पण ते म्हटलं तर आमच्या कोरेगावातले वायरमनकाका माझ्याकडे बघतच राहतील. तेव्हा दुकानात जे शब्द चालतात तेच इथे वापरते.

आमच्याकडच्या जुन्या घरांत बाथरूम नसायचं, न्हाणी असायची. शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब आणि उजेडाला एक बल्ब. वीज आणि पाणी यांची गाठच पडत नसे. आता त्याच न्हाणीला टाइल्स लागतात आणि गीझर, शॉवर, एक्झॉस्ट फॅन, वॉशिंग मशीन सगळं चार बाय सहा फुटांत येतं. टाइल्सचा रंग ठरवायला घरात आठवडा जातो आणि वायरिंग ठरवायला पाच मिनिटं. खरं तर उलटं हवं.

पहिलं गणित: शरीराचं

ओहमचा नियम दहावीत शिकलो तोच. कोरड्या त्वचेचा रेझिस्टन्स बराच असतो, पण अंग ओलं आणि पाय ओल्या फरशीवर असले की तो साधारण 1000 ओहमपर्यंत उतरतो. घरातला सप्लाय 230 व्होल्ट. 230 भागिले 1000 म्हणजे 0.23 अँपिअर, अर्थात 230 मिलिअँपिअर.

हा आकडा किती मोठा? अर्ध्या मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखं वाटतं. साधारण दहाच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी 1940 च्या दशकात स्वयंसेवकांवर हे मोजलं होतं. सरासरी मर्यादा पुरुषांची 16 आणि स्त्रियांची 10.5 मिलिअँपिअर निघाली. त्याच्याही बराच पुढे गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. बाथरूममधले 230 मिलिअँपिअर हे या सगळ्याच्या पलीकडचे.

दुसरं गणित: एमसीबीचं

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी न्हाणीचं बाथरूम करायचं काम चाललं होतं. मी आरसीसीबीचा विषय काढला तर वायरमनकाका म्हणाले, "ताई, एमसीबी टाकलाय की. शॉक बसला की आपोआप पडतंय ते."

हा समज घरोघरी आहे, म्हणूनच हा लेख. गीझरला 16 अँपिअरचा एमसीबी असतो. तो 16 अँपिअरपर्यंत गप्प बसणार, ते त्याचं कामच आहे. माणसातून जाणारा करंट 0.23 अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीने तो एक छोटासा बल्ब लावल्यासारखा! माणूस चिकटून राहील आणि एमसीबी पडणार नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे, माणूस वाचावा म्हणून नाही.

माणसासाठी आहे आरसीसीबी. तो फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करतो. दोन्ही सारखे तर ठीक. फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्याच वाटेने जमिनीत चाललाय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने 30 च्या फरकाला 0.3 सेकंदाच्या आत आणि पाचपट, म्हणजे 150 च्या फरकाला 0.04 सेकंदाच्या आत पडलंच पाहिजे. दुकानात 100 आणि 300 मिलिअँपिअरचेही मिळतात. माणसासाठी 30 चाच घ्यायचा.

मर्यादा दोन. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला काही कळत नाही. आणि तो ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून एमसीबी हवाच. दोन्ही एकात हवं असेल तर आरसीबीओ मिळतो.

मग अर्थिंग कशाला?

आमच्याकडे वर माती, खाली मुरूम, मग काळा खडक. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो. समजा तो 10 ओहम झाला आणि गीझरच्या बॉडीला फेज लागली, तर 23 अँपिअर जमिनीत जाणार. 16 चा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला किमान 80 अँपिअर लागतात. 23 ला तो हळूहळू तापत राहील, कधी कित्येक मिनिटं, आणि तोवर गीझरच्या बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज. म्हणजे नुसतं अर्थिंग पुरत नाही.

नुसता आरसीसीबीही पुरत नाही. अर्थ नसेल तर गळतीला वाटच नाही; कुणी हात लावला की मगच तो पडणार, म्हणजे वाट तुम्ही झालात. अर्थ असेल तर हात लागायच्या आधीच पडतो. दोघे मिळून काम करतात.

हे आमच्या घरीच दिसलं. जुना सॉकेट उघडला तर तिसऱ्या पिनला वायरच नव्हती. ती ओढली, आरसीसीबी बसवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आजीने हीटरचा रॉड बादलीत टाकून बटण दाबलं की घरभर अंधार. तीनदा लावला, तीनदा पडला. "काढून टाका ते नवीन खूळ, बंबाला कधी असलं लागलं नाही," आजी वैतागली. काकांनी रॉड तपासला. नळीला बारीक चीर गेलेली. प्लॅस्टिकची बादली आणि अर्थ नाही, त्यामुळे इतकी वर्षं गळती कुणाला कळली नाही. मग आजी सहज म्हणाली, "तरीच पाण्यात बोट घातलं की मुंग्या यायच्या. मला वाटलं, वयाचं आहे." त्यावर कुणीच काही बोललं नाही. आरसीसीबी काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

काम काढाल तेव्हा एवढं बघा

१. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60364 च्या 701 व्या भागाप्रमाणे टबशिवायच्या शॉवरपासून 1.2 मीटर आणि जमिनीपासून 2.25 मीटर उंचीपर्यंतचा भाग धोक्याचा. 1.2 मीटर म्हणजे चार फूट. आपलं अख्खं बाथरूम त्यात येतं! तेव्हा सॉकेट आणि बटणं दाराबाहेर. गीझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच.

२. 2 किलोवॅटचा गीझर 8.7 अँपिअर घेतो, 3 किलोवॅटचा 13. दिव्याच्या वायरवर तो चालवू नका. 2 ला किमान 2.5 आणि 3 ला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळ्या एमसीबीवरून.

३. अर्थ नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडणं हा जुगाड कधीही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की गीझरची बॉडी थेट फेजवर येते.

४. बोअरचं पाणी जड असतं. कॉइलवर क्षार बसतात, ती जास्त तापते आणि फुटते. वेळच्या वेळी साफ करून घ्या. सोलरच्या टाकीत बॅकअप कॉइल असेल तर तिलाही अर्थ आणि आरसीसीबी हवा.

५. गीझर आणि रॉड आयएसआय मार्कचेच. रॉड चालू असताना पाण्याला हात नाही. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाणी.

६. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. पडला नाही तर बदला. आणि तो वारंवार पडत असेल तर काढून टाकू नका. एकेक उपकरण बंद करून गळती कुठे आहे ते शोधा.

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. त्याला हे सगळं शिकवायला जाऊ नका, फक्त दोन प्रश्न विचारा: "काका, अर्थ कुठे जोडलाय?" आणि "आरसीसीबी किती मिलिअँपिअरचा?" उत्तर मिळेपर्यंत टाइल्सचा रंग ठरवायला हरकत नाही.